सुरमई वाया गेली, आता डोकी आणा

मागच्या महिन्यात याच पानावर मी बोलता बोलता लिहून गेले होते की फ्रेंच बुयाबेस घरी करणं काही फार अवघड नाही. त्या एका वाक्याची शिक्षा म्हणून आता ढीगभर पत्रं आलीयेत, निम्मी 'कसं करू' विचारणारी आणि निम्मी 'केलं आणि फसलं' सांगणारी. ज्यांना हा काय प्रकार ते माहीत नाही त्यांच्यासाठी एका ओळीत सांगते, दक्षिण फ्रान्समधल्या मार्से बंदराचा हा माशांचा रस्सा, केशर, टोमॅटो, लसूण, ऑलिव्ह ऑइल आणि बडीशेपेच्या वासाचा. चला, पत्रं घेते.

ताई, नमस्कार. माझी लेक शिकायला दोन वर्षं मार्सेला होती, सुट्टीला आली आणि म्हणाली आई तिकडचं ते बुयाबेस कर ना. मी हौसेनं एक किलो सुरमई, दोन मोठी पापलेटं आणि अर्धा किलो कोलंबी आणली, अडीच हजाराच्या वर बिल झालं. मासे नेहमीसारखे हळद-मीठ-लिंबू लावून ठेवले, कांदा-टोमॅटो परतला, सगळं एकदम घालून मंद गॅसवर पाऊण तास ठेवलं. पापलेटचा भुगा, सुरमई कोरडी ठणठणीत, कोलंबी रबरासारखी आणि रस्सा म्हणजे पिवळं पाणी, वर तेल तरंगतंय. लेक म्हणाली 'छान झालंय'. चुकलं कुठे? (कोथरूड)

तुमच्या लेकीचं ते 'छान झालंय' मला इथपर्यंत ऐकू आलं हो. पण ताई, तुमच्या हाताचा काही दोष नाही, चूक बाजारातच झाली. तुम्ही मासे आणले आणि रश्श्यासाठी काहीच आणलं नाही.

हा पदार्थ मुळात कोळ्यांचा. मार्सेच्या बंदरावर चांगला मासा विकून झाला की टोपलीच्या तळाशी जे उरायचं, काटेरी, दगडातले, बारके, ज्याला कोणी पैसे देणार नाही असे मासे, ते कढईत जायचे. रास्कास नावाचा त्यांचा जो मुख्य मासा आहे तो दिसायला इतका भयाण आणि इतका काटेरी की आपल्याकडे कोणी पिशवीत घालून घेणार नाही. पण त्याच्या डोक्यातून आणि काट्यांतून जो रस उतरतो तोच खरा बुयाबेस, वरचे तुकडे नंतरचे. आज तिथे हे महागड्या हॉटेलांचं जेवण झालंय, आणि पर्यटकांना काहीबाही खपवायला लागले म्हणून १९८० मध्ये तिथल्या काही हॉटेलवाल्यांनी एकत्र येऊन चक्क करारनामा लिहिला, की ठरलेल्या यादीतले निदान चार जातींचे मासे हवेत, आणि ते पाहुण्यांसमोर कापून द्यायचे वगैरे. पण करारनामा आला म्हणून पातेल्यातलं गणित बदललं नाही, दाटपणा आणि चव काट्यांतूनच येते.

म्हणून पुढच्या वेळी गणेश पेठेत किंवा कॅम्पातल्या शिवाजी मार्केटात गेलात की आधी मावशींना विचारा, डोकी आहेत का. हेकरू, तांबोशी, रावस यांची डोकी आणि मधला काटा. दुपारकडे गेलात तर मावशी स्वतःच कमी भावात गळ्यात मारतात, सकाळी मात्र ओळखीचं गिऱ्हाईक आधी नेतं. दीड किलो डोकी-काटे घ्या, अर्धा किलो राणी मासा मिळाला तर सोन्याहून पिवळं, आणि कोलंबी घ्याल तर सोललेली घेऊ नका, डोक्या-टरफलासकट घ्या आणि घरी सोला, टरफलं आपल्याला हवीयेत. बांगडा, तारली यातलं काही नको, तेलकट माशाचा रस्सा उग्र होतो. आणि आता जरा वाईट बातमी, सुरमई पण बांगड्याच्याच कुळातली. तव्यावर तिच्यासारखं कोणी नाही पण या रश्श्यात ती कोरडी पण पडते आणि वास पण सोडते. तुकड्यांसाठी हेकरू, तांबोशी, जिताडा, वाम असलं घट्ट मांसाचं काहीतरी घ्या, एकूण किलोभर, सहा माणसांना पुष्कळ.

घरी आल्यावर पहिलं काम, डोक्यांमधले कल्ले उपटून टाका. अगदी एकूण एक. लाल झालर दिसते ना ती. रस्सा कडू होण्याचं एक नंबर कारण हेच, आणि मावशींना सांगितलं तरी त्या घाईत एखादा ठेवतातच. मग थंड पाण्याखाली रक्त निघेपर्यंत धुवा.

मोठ्या स्टीलच्या पातेल्यात अर्धी वाटी ऑलिव्ह ऑइल, दोन कांदे, पातीच्या कांद्याची एक जुडी, सहा-सात लसूण पाकळ्या ठेचून, चमचाभर बडीशेप. मंद गॅसवर मऊ होऊ द्या, लाल नाही करायचं, आपला हात आपोआप लाल करायला जातो तो आवरा. मग कोलंबीची टरफलं आणि डोकी घालून परता, ती नारिंगी होऊन खमंग वास सुटला की माशांची डोकी-काटे, चार पिकलेले टोमॅटो, एक तमालपत्र, संत्र्याच्या सालीची बोटभर पट्टी. पाच मिनिटं ढवळा, पळीने जरा चेचा पण. मग दोन लिटर उकळतं पाणी आणि मीठ. पंचवीस मिनिटं, फार तर अर्धा तास. मटणाच्या पायासारखं तास-दोन तास ठेवायचं नाही आणि कुकरला तर लावायचंच नाही, माशाचा काटा नाजूक असतो, अर्ध्या तासात जे द्यायचं ते देऊन टाकतो, त्यापुढे खडू विरघळल्यासारखी चव येते.

आता गाळायचं. आणि हे नुसतं गाळणीत ओतून होत नाही, पळीने दाबून दाबून, अंगातला सगळा जोर लावून पिळायचं, खाली जे दाट नारिंगी पडतं तेच आपलं धन. इथे मी स्वतः पहिल्या वेळी आळस केला होता आणि सासूबाईंनी चव घेऊन विचारलं होतं, आजारी कोणी आहे का घरात.

गाळलेला रस्सा परत गॅसवर, पाव वाटी ऑलिव्ह ऑइल आणखी, केशर, आणि आता गॅस फुल्ल. खळाखळा उकळू द्या आठ-दहा मिनिटं. तुमचं तेल वर तरंगलं ना, ते या उकळीअभावी. डोक्या-काट्यांतून जिलेटिन उतरलेलं असतं, जोरात उकळताना तेलाचे बारीक बारीक थेंब होतात आणि ते जिलेटिन त्यांना धरून ठेवतं, म्हणून रस्सा एकजीव होतो. तुमच्याकडे काटेही नव्हते आणि उकळीही नव्हती, मग तेल बिचारं कोणाला धरणार. पदार्थाच्या नावात पण हेच आहे, प्रोव्हान्सच्या, म्हणजे मार्सेच्या मुलखाच्या, जुन्या बोलीतले दोन शब्द आहेत, एक उकळायचा आणि दुसरा कमी करायचा.

मग मासे. हळद-लिंबू नाही, नुसतं मीठ, दहा मिनिटं आधी. गॅस मध्यम करून आधी जाड घट्ट तुकडे, पाच-सहा मिनिटं. मग कोलंबी, दोन मिनिटं, वाकडी होऊन गुलाबी झाली की बास. पापलेट घालायचंच असेल तर कोलंबीच्या बरोबर. सगळं मिळून दहा मिनिटांच्या आत गॅस बंद. म्हणजे तुम्ही पाऊण तास ठेवलं त्यातली पस्तीस मिनिटं मासे शिक्षा भोगत होते.

वाढायचं कसं ते लेकीला माहीत असेल. तिकडे आधी नुसता रस्सा, त्यात लसूण चोळलेला कडक ब्रेड आणि वर रुई (लसूण-मिरचीची ऑलिव्ह ऑइलमध्ये घोटलेली दाट चटणी), आणि मासे वेगळ्या ताटलीत नंतर. रुईचं खाली सांगते.

बडीशेपेचा कांदा, लीक, पास्टिस, व्हाइट वाइन, यातलं आमच्याकडे काहीच नाही. यादी वाचूनच दमले. आणि केशराऐवजी हळद चालेल का? (धनकवडी)

हळद नाही. रंग येईल आणि वास कालवणाचा येईल. केशर वीस-पंचवीस काड्या पुरे, पाव वाटी गरम रश्श्यात पंधरा मिनिटं भिजवून घाला. श्रीखंडाच्या हौसेने मूठभर टाकलंत तर तेही कडू होतं, औषधासारखं.

बडीशेपेचा पांढरा कांदा परदेशी भाज्या ठेवणाऱ्यांकडे कधीतरी दिसतो, दिसला तर घ्या, नाही तर आपली मुखवासाची साधी बडीशेप (साखरेत घोळवलेली रंगीत नव्हे, एकीने ती पण घातलीये, मला पत्र आलंय). शेपू वेगळा बरं का, नावाला फसू नका. लीकच्या जागी पातीचा कांदा. पास्टिस म्हणजे बडीशेपेच्या वासाची दारू, फ्रान्सने १९१५ मध्ये अ‍ॅबसिंथ नावाच्या कडक दारूवर बंदी घातली त्यानंतर तिची जागा घेतलेली, ती नसेल तर चक्रफुलाच्या दोन पाकळ्या, अख्खं फूल नाही, नाहीतर बिर्याणीची आठवण येते. व्हाइट वाइन नाशिकची कुठलीही कोरडी चालते, एक वाटी, टोमॅटोच्या आधी घालून आटवायची. घरात चालत नसेल तर शेवटी अर्ध्या लिंबाचा रस, काही बिघडत नाही.

संत्र्याचं एक सांगायचं राहिलं. साल बटाटे सोलायच्या सालकाढणीने काढा, नुसता नारिंगी भाग. आतलं पांढरं आलं की कडवट.

'रिच' म्हणजे क्रीम घालायचं ना? मी घातलं तर फाटलं. (बाणेर)

बुयाबेसमध्ये क्रीम नसतंच. तुमच्या डोक्यात बिस्क आहे, तो वेगळा पदार्थ, खेकडा, कोलंबी किंवा शेवंडीच्या टरफलांचा, गाळून मखमली केलेला. त्यात शेवटी क्रीम येतं. फाटलं कारण टेट्रापॅकमधली आपली फ्रेश क्रीम साधारण २५ टक्के फॅटची असते, ती टोमॅटोचा आंबटपणा आणि उकळी दोन्ही एकदम सोसत नाही. जास्त फॅटची व्हिपिंग क्रीम आणा (गोड नसलेली, डबा वाचून घ्या), गॅस बंद करून घाला आणि परत उकळू नका.

पण खरं सांगू का, बिस्कचा दाटपणा जुन्या पद्धतीत भाताने यायचा. टरफलं खमंग भाजून, चमचाभर टोमॅटो पेस्ट, थोडी ब्रँडी, पाणी, आणि त्यात मूठभर तांदूळ शिजवून सगळं वाटून गाळायचं. कोलम घ्या. आंबेमोहोर घेऊ नका, त्याचा वास टरफलांशी भांडतो. भात नीट शिजून वाटला गेला की क्रीम दोन चमचे पुरतं, आणि मग ते फाटायचा प्रश्नच फारसा येत नाही.

मी मूळची वेंगुर्ल्याची. तुमचा लेख वाचून एकच विचारायचंय, आमच्या कालवणात असं काय कमी आहे की केशर आणि ऑलिव्ह ऑइल उधळायचं? (सिंहगड रोड)

काही कमी नाही हो ताई. भांडायला आलात तर बसा, चहा घ्या.

पण मजा बघा, दोघं एकाच कोड्याला दोन उत्तरं देतात. पाण्याला अंग कसं आणायचं? तुम्ही ओलं खोबरं वाटता, त्यांच्याकडे नारळ नाही, म्हणून ते काटे पिळतात. तुम्ही आंबटाला कोकम किंवा चिंच घालता, ते टोमॅटो आणि वाइन. तुमची मिरची आणि त्यांचा टोमॅटो तर दोन्ही अमेरिकेतून आलेले, सोळाव्या शतकाच्या आधी ना वेंगुर्ल्यात लाल तिखट होतं ना मार्सेत लाल रस्सा, त्यामुळे 'आमचं मूळचं' म्हणताना दोघांनी जरा हळू बोलायला हरकत नाही. आणि डोक्याचं कालवण तुमच्याकडे पण होतंच की, घरातल्या जुन्या माणसांना विचारा तुकडी हवी की डोकं, कोण काय उचलतं ते बघा. माशाचं डोकं टाकून द्यायची रीत शहरात आल्यावर, तुकड्या करून पिशवीत मिळायला लागल्यावर आली.

एकच विनंती, दोन्ही एकत्र करू नका. मी एकदा बुयाबेसमध्ये नारळाचं दूध घातलंय. चांगलं लागलं. पण केशर कुठे गेलं ते कळलं नाही, आणि केशर काही फुकट येत नाही.

रुईमध्ये कच्चं अंडं असतं. घरी ऐंशी वर्षांच्या आई आहेत, त्यांना द्यावं का? आणि माझी रुई मिक्सरमधून कडू निघाली. (सहकारनगर)

आईंना कच्चं अंडं नको, त्या वयात पोटाचं इन्फेक्शन परवडत नाही. बटाट्याची करा, तीही पद्धत तिकडची जुनीच आहे. एक मध्यम बटाटा त्याच रश्श्यात उकडून घ्या, चार लसूण पाकळ्या, दोन ब्याडगी मिरच्या गरम पाण्यात भिजवून बिया काढलेल्या, थोडं केशर, मीठ. खलबत्त्यात कुटा आणि ऑलिव्ह ऑइल थेंब थेंब घालत घोटा, सहा-सात चमचे तरी जातं, शेवटी दोन चमचे रस्सा. रुई म्हणजे फ्रेंचमध्ये गंज, रंग तसा यायला हवा, म्हणून ब्याडगी, लवंगी घातलीत तर रंग नाही आणि जीभ जाते.

कडूपणा मिक्सरमुळे. एक्स्ट्रा व्हर्जिन तेल जोरात फिरवलं की त्यातला कडवटपणा वर येतो. खलबत्ता काढायचा कंटाळा असेल तर निम्मं साधं सूर्यफूल तेल मिक्सरमध्ये फिरवा आणि ऑलिव्ह ऑइल नंतर चमच्याने कालवा. बटाटा मात्र मिक्सरला दाखवू नका, खळ होते, वॉलपेपर चिकटेल.

ब्रेडसाठी ब्रून पाव घ्या. आडवे पातळ काप, कमी गॅसवर तव्यावर अगदी कडक करा आणि कच्चा लसूण चोळा. लादीपाव रश्श्यात दोन सेकंदात विरघळतो.

तिसऱ्या घालू का? मागे घातल्या तर सगळ्या रश्श्यात वाळू. (वारजे)

घाला. कोळंब्यांबरोबर नाही, जरा आधी, उघडायला चार मिनिटं लागतात. त्याआधी खारट पाण्यात, समुद्राइतकं खारट, तासभर ठेवा, तळाशी वाळू बसते, तिसऱ्या हाताने उचलून काढा, भांडं उपडं करू नका, नाहीतर वाळू परत त्यांच्याच डोक्यावर. उघड्या असतील त्या टकटक करून बघा, मिटल्या नाहीत तर फेका. शिजून उघडल्या नाहीत त्याही फेका. मला स्वतःला धीर नसतो, मी वेगळ्या भांड्यात झाकण ठेवून वाफवते आणि पाणी फडक्यातून गाळून रश्श्यात घालते.

पावसाळ्यात करावं का? (येरवडा)

आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते. त्या काळात जे 'ताजं' म्हणून दिसतं ते बहुतेक बर्फातलं, किंवा पूर्व किनाऱ्यावरून आलेलं, तिकडची बंदी १४ जूनला संपते. फ्रोझन तुकडा या पदार्थात चालून जातो, फ्रोझन डोकं चालत नाही, जुन्या डोक्याचा वास रश्श्याला पहिला लागतो. नारळी पौर्णिमेनंतर करा. श्रावण पाळणाऱ्यांनी आणखी थांबा, तोवर केशर डबीत सुरक्षित आहे.

आमच्या मजल्यावर तीन घरं शाकाहारी. डोकी उकळायची म्हणजे... (कर्वेनगर)

कळलं. ताज्या माशाचा वास फारसा येत नाही, आणि यात बडीशेप-लसूण इतकं असतं की शेजारी उलट विचारतात काय केलंय. खरा वास नंतरच्या चोथ्याचा. तो दोन पिशव्यांत बांधून फ्रीझरमध्ये ठेवा आणि कचऱ्याची गाडी येईल त्या सकाळीच बाहेर काढा. रात्री डस्टबिनमध्ये ठेवलात तर मजला सोडा, जिन्यातली मांजरं पण तुमच्या दारात मुक्कामाला येतील.

उरलेल्याचं काय करायचं? (हडपसर)

मासे उरले तर काढून वेगळे ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा, रश्श्यात ठेवून परत उकळले की भुगा. नुसता गाळलेला रस्सा डब्यात भरून फ्रीझरमध्ये दोन महिने छान राहतो, म्हणून मी तो नेहमी दुप्पट करते, एकदा डोकी साफ करायला बसलं की दीड किलो काय आणि तीन किलो काय. पाहुणे आले की डबा काढायचा, फुल्ल गॅसवर उकळी, त्या दिवशीचे ताजे तुकडे, वीस मिनिटांत जेवण. आमच्याकडे ह्यांना मात्र तो सकाळी भाताबरोबरच हवा असतो, वर कच्चा कांदा आणि लिंबू. मार्सेवाल्यांना सांगू नका.